संमती पुरेशी आहे काय?
२०२३ च्या डेटा-संरक्षण कायद्याचे नैतिक परीक्षण

संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम’ संमत केला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि माहिती गोळा करणाऱ्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करण्याचे ठरले. या कायद्यावर वकिलांनी, व्यापारी मंडळांनी आणि वृत्तपत्रांनी पुष्कळ लिहिले आहे. धर्मगुरू आणि धर्मशिक्षक यांनी मात्र त्याकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. हा तंत्रज्ञांचा विषय आहे, आपला नव्हे, अशी समजूत त्यामागे असावी.

ही समजूत दोन कारणांनी टिकत नाही. एक तर या कायद्यातून धर्मसंस्थांना वगळलेले नाही. ज्या धर्मग्रामाच्या नोंदी संगणकावर आहेत त्या धर्मग्रामालाही तो लागू होतो. दुसरे कारण अधिक खोल आहे. हा कायदा ज्या शब्दांवर उभा आहे ते ‘संमती’ आणि ‘विश्वस्त’ हे शब्द मुळात नीतिशास्त्राचे आहेत, आणि ख्रिस्तसभेने त्यांच्यावर शतकानुशतके विचार केला आहे. म्हणून या कायद्याचे परीक्षण करण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि आमच्या मते ते आपले कर्तव्यही आहे.

कायदा कशातून निघाला

आज व्यापाराचा एक मोठा भाग माणसाविषयीच्या माहितीवर चालतो. फोनमधील एखादे फुकट ॲप उघडले की जाहिरात दाखविण्याच्या जागेचा लिलाव क्षणार्धात होतो, आणि बोली लावणाऱ्यांकडे त्या माणसाचे ठिकाण, वय, आवडीनिवडी आणि फोनची ओळख यांचे तपशील जातात. ते साठविणारे आणि पुन्हा विकणारे दलाल वेगळेच. डेटा म्हणजे नवे तेल, हे वचन २००६ मध्ये क्लाइव्ह हंबी या इंग्लिश गणितज्ञाने प्रचारात आणले. उपमा चटकदार खरी. परंतु तेल जमिनीतून निघते आणि ही माहिती माणसांच्या जगण्यातून निघते. उपमेने नेमका तोच फरक पुसून टाकला आहे.

या व्यवहाराचा धोका २०१८ च्या मार्चमध्ये जगापुढे उघड झाला. केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीच्या हाती फेसबुकच्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत सभासदांची माहिती गेली असावी, असे फेसबुकनेच मान्य केले. त्यांत भारतातील सुमारे ५ लाख ६२ हजार माणसे होती. परंतु संबंधित ॲप स्वतःहून घेतलेले भारतीय केवळ ३३५ होते. उरलेल्यांचा दोष इतकाच, की ते कोणाचे तरी मित्र होते. एकाने दिलेली संमती कितीजणांना बांधते, याचा हा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला घटनात्मक पाया मिळाला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी. आधार योजनेला आव्हान देणाऱ्या निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेतून निघालेल्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. मराठी वाचकाला त्या निर्णयातील एक गोष्ट विशेष वाटेल. आणीबाणीत, १९७६ साली, जबलपूरच्या खटल्यात जीविताच्या अधिकाराचे दारही नागरिकाला बंद करणाऱ्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड होते. तो निर्णय चुकीचा होता असे २०१७ मध्ये लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच पुत्र. अधिकार हे राज्यसंस्थेने दिलेले दान नसून माणसाच्या अंगभूत प्रतिष्ठेतून येतात, हा त्या निर्णयाचा गाभा आपल्या मानवविषयक शिकवणीच्या किती निकट आहे हे सांगणे नको.

त्याच वर्षी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिने जुलै २०१८ मध्ये अहवाल आणि विधेयकाचा मसुदा दिला. २०१९ चे विधेयक संयुक्त समितीकडे गेले, २०२२ मध्ये मागे घेतले गेले, आणि अखेर २०२३ चा आटोपशीर कायदा आला.

कायद्याच्या जमेची बाजू

टीका करण्यापूर्वी गुण मान्य करणे न्याय्य होय. संमती मुक्त, विशिष्ट, समजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे, असे कायदा म्हणतो. दिलेली संमती परत घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे, असेही तो म्हणतो. उद्दिष्टासाठी आवश्यक तेवढीच माहिती मागता येते. चूक दुरुस्त करून घेण्याचा, माहिती पुसून टाकण्याची मागणी करण्याचा आणि तक्रार करण्याचा अधिकार व्यक्तीला आहे. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. व्यक्तीसाठी सर्वत्र स्त्रीलिंगी सर्वनाम वापरण्याचा उपक्रमही स्तुत्य आहे.

आपल्या वाचकांच्या दृष्टीने आणखी एक तरतूद महत्त्वाची. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत पाहता येण्याची सोय असलीच पाहिजे. त्या परिशिष्टात मराठी आहे आणि कोंकणीही आहे. याचा अर्थ असा, की राज्यकारभाराची भाषा कोणतीही असो, बेळगाव, इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी माणूस ती सूचना आपल्या भाषेत मागू शकतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या वाट्याला असे अधिकार क्वचितच येतात.

संमतीचा अपुरेपणा

इतके मान्य करूनही आमचा मुख्य आक्षेप उरतो. या कायद्याने नीतीचा जवळजवळ सारा भार संमतीवर टाकला आहे. माणसाने ‘होय’ म्हटले की व्यवहार शुद्ध झाला, हे त्याचे गृहीतक आहे.

अनुवाद या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायातील गहाणाचे नियम येथे आठवावेत. धान्य दळण्याचे जाते गहाण घेऊ नये, कारण ते घेणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे होय, असा तेथे निर्बंध आहे. थोडे पुढे दुसरा नियम येतो: ऋणको गहाण काय देणार ते घेण्यासाठी धनकोने त्याच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे आणि ऋणकोने वस्तू बाहेर आणून द्यावी. या नियमांची रचना पाहण्यासारखी आहे. जाते देण्यास ऋणको राजी आहे की नाही, हा प्रश्न शास्त्र विचारतच नाही. अडलेला माणूस राजी होणारच, हे ते जाणते. म्हणून बंधन ऋणकोच्या संमतीवर नव्हे, धनकोच्या हातावर घातले आहे. आणि उंबरठ्याचा नियम तर गरिबाच्या घरालाही धनकोने ओलांडू नये अशी सीमा असते, हे सांगतो.

आमच्या काळात या उताऱ्याला शब्दशः उदाहरण मिळाले आहे. झटपट कर्ज देणारी ॲपे फोनमधील नावांची यादी आणि छायाचित्रे पाहण्याची परवानगी मागत. पैशाची नड असलेला माणूस ती देई. हप्ता चुकला की त्याच्या नातलगांना आणि सहकाऱ्यांना दूरध्वनी जात आणि बदनामी सुरू होई. धनको घरात शिरला होता, आणि तोही ‘संमतीने’. भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून अशा ॲपांना नावांची यादी, दूरध्वनींची नोंद आणि फोनमधील फायली यांना हात लावण्यास मनाई केली. येथे ‘संमती घेऊन पाहा’ असे म्हटलेले नाही. ‘पाहू नका’ असे म्हटले आहे. अनुवादकाराची दृष्टी हीच होती. २०२३ च्या कायद्यातही एके ठिकाणी ती दिसते: मुलांचा माग काढणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविणे यांस, काही अपवाद ठेवून, मनाई आहे. आमचे म्हणणे असे, की प्रौढ पण अडलेल्या माणसालाही जात्याएवढे तरी संरक्षण हवे होते. आवश्यक तेवढीच माहिती घ्या, हे बंधन त्यासाठी पुरत नाही. कारण उद्दिष्ट कोणते, हे माहिती घेणाराच ठरवितो.

या संदर्भात लिओ तेरावे यांच्या १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकाचा विचार उपयोगी पडतो. मालक आणि मजूर यांनी आपखुशीने ठरविलेली मजुरी न्याय्यच असते, हे तत्कालीन अर्थशास्त्राचे मत त्यांनी स्वीकारले नाही. नड किंवा अधिक वाईटाची भीती यांपोटी मजुराने पत्करलेल्या अटीत त्याच्यावर बळजबरी आणि अन्यायच होतो, असे त्यांनी शिकविले. करारावर सही आहे म्हणून न्यायाचा प्रश्न संपत नाही. मे २०२५ मध्ये निवडले गेलेले पोप लिओ चौदावे यांनी हे नाव घेण्यामागील कारणांत लिओ तेरावे यांच्या या परिपत्रकाचा आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्रांतीचा एकत्र उल्लेख केला. तो संबंध कसा लावावयाचा, याचे एक उत्तर येथे मिळते: मजुरीच्या करारासंबंधी जे म्हटले गेले, तेच संमतीच्या कळीसंबंधी म्हणावे लागेल.

विश्वस्त नावापुरता

दुसरा शब्द ‘विश्वस्त’. माहिती गोळा करून तिचा वापर ठरविणाऱ्याला हा कायदा विश्वस्ताची संज्ञा देतो. अमेरिकन विधिज्ञ जॅक बाल्किन यांनी मांडलेली ही कल्पना श्रीकृष्ण समितीने आपल्याकडे आणली. वैद्य, वकील यांच्याकडे माणूस विश्वासाने माहिती देतो, म्हणून त्यांच्यावर निष्ठेचे बंधन असते. मोठ्या कंपन्यांवरही तसे असावे, असा तो विचार. कल्पना उदात्त आहे. परंतु २०२३ च्या कायद्यात विश्वस्ताची कर्तव्ये वाचू गेल्यास माहिती अचूक ठेवणे, ती सुरक्षित ठेवणे, गळती झाल्यास कळविणे आणि काम संपल्यावर ती पुसणे एवढीच मुख्यतः सापडतात. ज्याची माहिती आहे त्याच्या हिताशी एकनिष्ठ राहा, त्याच्याविरुद्ध ती वापरू नका, हे विश्वस्तपणाचे मर्म तेथे प्रौढांसाठी नाही. तिजोरी नीट सांभाळणारा आणि आतील ऐवज स्वतःच्या फायद्यासाठी खेळविणारा मनुष्य विश्वस्त ठरत नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील सोळाव्या अध्यायातील कारभारी आपल्या परिचयाचा आहे. कोण किती देणे लागतो याचे कागद त्याच्या हाती होते, आणि नोकरी जाणार असे दिसताच त्याने त्या कागदांतून स्वतःची सोय पाहिली. प्रभूने त्याच्या चातुर्याची नोंद घेतली, हे खरे. परंतु दुसऱ्याच्या नोंदी हाती असणे ही केवढी सत्ता आहे, हेही त्या दाखल्यावरून कळते.

ख्रिस्तसभेच्या परंपरेत विश्वस्तपणाचा याहून कडक नमुना आहे. १९८३ च्या कॅनन विधिसंहितेतील ९८३ वे कलम पापनिवेदनाची गुप्तता अभंग ठरविते, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यापुढील ९८४ व्या कलमाकडे मात्र कमी लक्ष जाते. निवेदनात कळलेली गोष्ट फुटण्याचा यत्किंचितही धोका नसला, तरी ती निवेदकाला अपाय होईल अशा रीतीने वापरण्यास तेथे पूर्ण मनाई आहे. अधिकारपदावरील व्यक्तीने ती कारभारासाठीही वापरावयाची नाही. म्हणजे गुप्त ठेवणे ही पहिली पायरी आणि न वापरणे ही दुसरी. आजचा कायदा बहुतांशी पहिल्या पायरीवर थांबला आहे. पापनिवेदन हा संस्कार आहे आणि व्यापार हा व्यापार आहे. एकाचा नियम दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे आम्ही जाणतो. तरीही ‘विश्वस्त’ हा शब्द वापरावयाचा, तर त्याची दिशा कोणती असावी हे या कलमावरून दिसते.

आणखी एक वैगुण्य येथेच नोंदवितो. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देण्याची व्यवस्था या कायद्यात नाही. इतकेच नव्हे, माहिती-तंत्रज्ञान कायद्यातील भरपाईचे ४३अ हे कलम वगळण्याची तरतूद यातच आहे. अपराध्याला शिक्षा झाली, पण लुटला गेलेला वाटेवरच राहिला, असे याचे स्वरूप आहे.

राज्यसंस्था आणि शिरगणती

राष्ट्राची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचनेद्वारे या कायद्यातून सूट देऊ शकते. तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाची नेमणूकही केंद्र सरकारच करते. श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यात धर्म, जात, आरोग्य यांविषयीची माहिती ‘संवेदनशील’ मानून तिला अधिक संरक्षण होते. २०२३ च्या कायद्याने तो वर्गच काढून टाकला. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या नियमात धार्मिक श्रद्धेच्या माहितीला असे विशेष संरक्षण आहे.

दावीद राजाने केलेल्या शिरगणतीची कथा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात आहे. गणतीत पाप ते काय, असा प्रश्न व्याख्याकारांना नेहमी पडतो. मोशेच्या काळातही गणती झालीच होती. आम्हांस असे वाटते, की लोक देवाचे आहेत हे विसरून त्यांना आपल्या बळाची मोजदाद समजणे, हा तो अपराध होता. विसाव्या शतकाने याचे भीषण भाष्य लिहिले. नेदरलँड्सच्या नीटनेटक्या लोकसंख्या-नोंदणीत प्रत्येकाचा धर्म लिहिलेला असे. ती कोणत्याही दुष्ट हेतूने केलेली नव्हती. परंतु जर्मन आक्रमकांच्या हाती ती पडली, तेव्हा ज्यू शोधण्याचे काम तिने सोपे केले. २७ मार्च १९४३ रोजी ॲम्स्टरडॅम येथील काही देशभक्त कलावंत आणि विद्यार्थ्यांनी नोंदणी-कार्यालयाला आग लावली. पुष्कळांना देहान्त शिक्षा झाली, आणि कागदांचा काही भागच जळाला. त्या देशातील सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. चांगल्या हेतूने केलेली यादी उद्या कोणाच्या हाती जाईल, हे यादी करणाऱ्याच्या हाती नसते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर आमचे परीक्षण एकांगी ठरेल. खाजगीपणा दुर्बलांची ढाल आहे, तसाच तो बलवानांचा पडदाही होऊ शकतो. माहितीच्या अधिकाराचा कायदा गोव्यात १९९७ मध्ये, महाराष्ट्रात २००२ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये आला. त्यात वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा होती; पण त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध असल्यास किंवा व्यापक जनहित असल्यास ती द्यावी लागे. नव्या कायद्याने त्या उपकलमातील या अटी काढल्या. कायद्यातील जनहिताचे सर्वसाधारण कलम कायम आहे, हे खरे. तथापि शिधावाटपाच्या किंवा रोजगार हमीच्या हजेरीपटातील खोटी नावे ज्यांनी या अधिकाराने उघड केली, त्यांची वाट आता अधिक अवघड झाली. ज्या कायद्यात सरकार नागरिकाला पाहू शकते पण नागरिकाने सरकारला पाहणे कठीण होते, त्याचा तोल सुटला आहे असेच म्हणावे लागेल.

आपले घर

दुसऱ्याचे परीक्षण करणाऱ्याने स्वतःच्या घराकडे पाहणे भाग आहे. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने विवाहांची नोंदवही ठेवण्यास धर्मगुरूंना बांधील केले, आणि तेव्हापासून आपण नोंदी ठेवणारी संस्था आहोत. विधिसंहितेचे २२० वे कलम प्रत्येकाचा सुकीर्तीचा आणि खाजगीपणाचा अधिकार मान्य करते. लोखंडी कपाटातील वही पाहण्यासाठी कोणाला तरी दारापर्यंत यावे लागे. आज तीच माहिती एका स्पर्शाने गावभर जाते.

या बाजारापासून धर्मजीवन सुरक्षित आहे, असे कोणी समजू नये. नमाजाच्या वेळा सांगणाऱ्या एका लोकप्रिय ॲपमधून निघालेली ठिकाणांची माहिती दलालांमार्फत अमेरिकन लष्कराशी संबंधित खरेदीदारांपर्यंत पोहोचत होती, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. जुलै २०२१ मध्ये तर अमेरिकेतील एका कॅथॉलिक वृत्तसंस्थेने बाजारात मिळालेल्या अशाच माहितीवरून एका वरिष्ठ धर्मगुरूच्या खाजगी हालचाली जगापुढे मांडल्या आणि त्यांना पद सोडावे लागले. त्यांच्या वर्तनाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. प्रश्न असा आहे, की बंधूची चूक आधी एकान्तात दाखवावी असे मत्तयाच्या अठराव्या अध्यायात शिकलेल्या लोकांनी ती विकत घेतलेल्या नोंदींतून शोधावी काय? शुद्ध हेतूने हे साधन शुद्ध होते, असे आम्हांस वाटत नाही.

आपल्या धर्मग्रामांतून होणाऱ्या गोष्टी याहून साध्या आहेत. त्यांतील धोका मात्र साधा नाही. आजाऱ्यांसाठी प्रार्थना मागताना व्हॉट्सॲपच्या गटावर रोगाचे नावही जाते. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांची छायाचित्रे नावांसह प्रसिद्ध होतात. विवाहपूर्व चौकशीतील उत्तरे कोणाच्या तरी खाजगी फोनमध्ये राहतात. दीक्षार्थींच्या याद्यांविषयी तर अधिकच जपावयास हवे. मध्य प्रदेश आणि गुजरात यांसारख्या राज्यांत धर्मांतरविषयक कायदे अस्तित्वात असताना, अशी यादी बेफिकिरीने पुढे पाठविणे म्हणजे ज्यांनी विश्वासाने आपल्याकडे नाव दिले त्यांना संकटात लोटणे होय. कायद्याने मागितलेली नोंद प्रामाणिकपणे द्यावी. न मागितलेली चव्हाट्यावर मांडू नये.

म्हणून आमच्या चार सूचना आहेत. ज्या कामासाठी माहिती हवी त्याहून अधिक विचारू नये. आजार, घरगुती कलह आणि दीक्षेची तयारी यांविषयीचा मजकूर सामूहिक गटांवर टाकू नये. मुलांचे छायाचित्र आईवडिलांना विचारल्याशिवाय प्रसिद्ध करू नये, आणि त्यांनी होकार दिला तरी त्या मुलाचे भले कशात आहे हे आपण स्वतः पाहावे. संगणकावरील नोंदींची जबाबदारी कोणाची, त्या कोण पाहू शकतो आणि केव्हा पुसल्या जातील, हे प्रत्येक धर्मग्रामाने धर्मप्रांताच्या कायदेशीर सल्लागारांच्या मदतीने लेखी ठरवावे. संस्कारांच्या कायम नोंदी अर्थातच याला अपवाद होत.

दहाव्या अध्यायात योहान ज्या मेंढपाळाचे वर्णन करतो, तो प्रत्येक मेंढराला नावाने ओळखतो. चोरालाही मेंढरे ओळखून घ्यावीच लागतात. दोघांच्या जाणण्यातील फरक माहितीच्या प्रमाणात नसून ती कोणासाठी जाणली जाते यात आहे. २०२३ चा कायदा हा फरक अर्धवटच ओळखतो. तो सुधारावा म्हणून नागरिक या नात्याने आपण मागणी करीत राहू. परंतु आपल्या कपाटातील वही आणि आपल्या हातातील फोन यांच्या बाबतीत कायदा सुधारण्याची वाट पाहण्याचे आपल्याला कारण नाही.